राउटरमध्ये प्राधान्य दिलं, तरी बॅकअप सुरू झाला की आवाज तुटतोच. रांग नक्की कुठे लागते?

कोरी_पाटी (धागाकर्ती)

मी रोज रात्री नऊ ते साडेदहा ऑनलाइन शिकवते. आठ-दहा विद्यार्थी असतात, बहुतेकांचे कॅमेरे बंद, त्यामुळे सगळी भिस्त आवाजावर. नऊ वाजून पाच-सात मिनिटं झाली की माझा आवाज त्यांच्याकडे तुटायला लागतो. दोघी सोडल्या तर बाकीच्यांचा आवाज मला अगदी स्वच्छ येतो. मी उच्चार शिकवते, आणि शब्दातला शेवटचा स्वरच पोचला नाही तर शिकवण्यात काही अर्थच उरत नाही.

बरंच शोधल्यावर कळलं की नेमक्या त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या संगणकाचा फोटोंचा बॅकअप वर चढायला लागतो. लाइन खाली (डाउनलोड) १०० आणि वर (अपलोड) १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या मेगाबिटची, आहे. राउटरच्या क्यूओएसच्या (कोणत्या ट्रॅफिकला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगच्या) पानावर जाऊन माझ्या लॅपटॉपला 'सर्वोच्च' आणि त्या संगणकाला 'कमी' प्राधान्य दिलं. राउटर बंद करून चालू केला. फरक शून्य.

मग पिंग लावून बसले, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत. दोन्ही संगणक वायरने जोडलेले आहेत, वायफाय मध्ये नाही.
बॅकअप बंद असताना: १४ मिलिसेकंद.
बॅकअप चालू असताना: ७८० च्या आसपास, मध्येच एखादं पिंग हरवतं.

बॅकअपची वेळ बदलता येईल, हे मलाही कळतं. पण उद्या आणखी कोणीतरी काहीतरी वर चढवेल. मला हे समजून घ्यायचंय की 'सर्वोच्च' म्हटल्यावर राउटर नक्की काय करतो, आणि माझ्या बाबतीत ते का होत नाही.

निळी_वाट

माझ्या राउटरवर तर 'गेमिंग मोड' नावाचं बटणच आहे. ते चालू असलं काय, बंद असलं काय, मला कधी फरक जाणवला नाही. वाचत राहते.

तारायंत्री

कोरी_पाटी, तुम्ही आकडे घेऊन आलात, त्यामुळे अंदाज बांधत बसायला नको.

७८० मधून १४ वजा केले की ७६६ मिलिसेकंद उरतात. लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे या वेळात तिच्यावरून सुमारे ७६.६ लाख बिट जातात. साडेनऊशे किलोबाइटपेक्षा थोडं जास्त. बॅकअपची पॅकेटं, म्हणजे डेटाचे सुटे तुकडे, साधारण १५०० बाइटची असतात, म्हणजे अंदाजे ६४० पॅकेटं. तुमच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट या ६४० जणांच्या मागे उभं राहत होतं.

आता मुद्द्याचा प्रश्न: ही ६४० पॅकेटं उभी कुठे होती? राउटरमध्ये नाही, मोडेममध्ये, म्हणजे राउटरला बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या डब्यात. राउटर आणि मोडेम यांच्यातली वायर १ जीबीपीएसची असते. राउटरच्या हातात पॅकेट आलं की तो ते लगेच पुढे ढकलतो, त्याच्याकडे कोणी थांबतच नाही. प्राधान्याचं काम एवढंच, की थांबलेल्यांपैकी आधी कोणाला सोडायचं ते ठरवणं. राउटरपाशी कोणी थांबलेलंच नसेल तर तो निवड कोणातून करणार? सगळी गर्दी पुढे मोडेमच्या तोंडाशी, आणि तिथे तुमचा 'सर्वोच्च' कोणी वाचत नाही. आला त्या क्रमाने गेला, एवढाच तिथला नियम.

रेल्वेचं उदाहरण घ्या. मालगाडीला लूप लाइनवर घेऊन मेल गाडीला पुढे काढायचं, तर ते स्टेशनातच करावं लागतं. मालगाड्या एकदा पुढच्या सेक्शनमध्ये शिरल्या की मागून येणाऱ्या मेलला कितीही मान असला तरी त्यांच्या मागूनच जावं लागतं. तुमचं 'स्टेशन' चुकीच्या जागी आहे.

ते योग्य जागी आणायचं, म्हणजे राउटरमधून बाहेर जाणारा वेग मुद्दाम लाइनपेक्षा थोडा कमी ठेवायचा, ९ एमबीपीएस. याला शेपिंग म्हणतात. मग मोडेम कधी भरत नाही आणि रांग राउटरमध्ये लागते, जिथे तुमचा शब्द चालतो. काही राउटरांच्या क्यूओएस पानावर 'अपलोड बँडविड्थ' असा रकाना असतो, तो भरला आहे का? तो रिकामा असेल किंवा त्यात अवाच्या सवा आकडा असेल तर बाकी सगळी सेटिंगं फुकट.

मोडेममध्ये एवढा मोठा बफर, म्हणजे पॅकेटं थांबवायची जागा, कशाला, असंही कोणी विचारेल. मेमरी स्वस्त झाली आणि 'पॅकेट टाकणं वाईट' अशी समजूत पसरली, त्यातून हे झालं. टीसीपी, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणारी इंटरनेटची नियमावली, तिच्या नेहमीच्या पद्धतीला मात्र पॅकेट पडल्याशिवाय गर्दी झाल्याचं कळतच नाही. पॅकेट पडेपर्यंत ती वेग वाढवत राहते, म्हणजे बफर जेवढा मोठा तेवढा भरेपर्यंत. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास हा प्रकार सगळ्यांच्या नजरेस आणून दिला. 'बफरब्लोट' हे नाव तेव्हापासून रुळलं.

रात्रपाळी

तारायंत्रींशी सहमत. मी ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. घरात प्राधान्य चालत नाही अशी तक्रार असते, आमच्याकडे ते जास्त चाललं म्हणून त्रास झाला. दोन अनुभव सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रत्येक आयपी पॅकेटच्या डोक्यावर एक बाइट याच कामासाठी राखलेला आहे, १९८१ च्या मूळ आयपीपासून. डिसेंबर १९९८ मध्ये त्यातले सहा बिट डीएससीपी म्हणून नव्याने ठरले, म्हणजे ० ते ६३ असे खुणेचे आकडे. उरलेले दोन बिट पुढे २००१ मध्ये ईसीएनकडे गेले. त्यावर 'गर्दी होतेय' असं पॅकेट न टाकताच कळवता येतं. डीएससीपीमध्ये आवाजासाठी रूढ झालेला आकडा ४६, त्याला ईएफ म्हणतात. राउटिंगच्या निरोपांसाठी (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ते) ४८. काहीच खूण नसेल तर ०. ही फक्त चिठ्ठी आहे. वाटेतल्या प्रत्येक उपकरणाने ती वाचून काय करायचं, हे त्या उपकरणाच्या मालकाने ठरवायचं असतं.

पहिला अनुभव. दोन इमारतींमध्ये २० एमबीपीएसची लाइन होती. आवाजाच्या प्राधान्य-रांगेला १० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे २ एमबीपीएस. जी.७११ या कोडेकचा (आवाजाचं डेटात रूपांतर करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल आयपीच्या पातळीवर ८० केबीपीएस घेतो: सेकंदाला ५० पॅकेटं, प्रत्येकी २०० बाइट. म्हणजे २५ कॉल मावतात, आणि आमचे दहा-बाराच्या वर कधी जात नसत. तरीही आवाज फाटू लागला. पॅकेटं पकडून बघितली तर एका विभागाच्या संगणकांवरून सगळंच ४६ ची खूण घेऊन निघत होतं, फायलींच्या कॉपीसकट. कोणीतरी चांगल्या हेतूने 'आपल्या विभागाचं काम जलद व्हावं' म्हणून ती पॉलिसी लावली होती. साध्या रांगेत आवाजाला फार तर उशीर झाला असता. प्राधान्याच्या रांगेत मर्यादेपलीकडचं पॅकेट थांबवलं जात नाही, थेट फेकलं जातं. फायली फेकलेलं पुन्हा पाठवतात, आवाजाला ती सोय नाही.

तेव्हापासून माझा नियम: वापरणाऱ्याच्या संगणकाने लावलेली खूण स्विचच्या पोर्टवर पुसून ० करायची. फक्त आपण स्वतः जोडलेल्या फोनच्या खुणेवर विश्वास ठेवायचा.

दुसरा अनुभव उलट बाजूचा. इथे मर्यादाच नव्हती. व्हिडिओला बिनशर्त प्राधान्य दिलं होतं. जोवर पहिल्या रांगेत काही आहे तोवर दुसरीकडे बघायचंच नाही, असा त्याचा अर्थ होतो. एक मोठी बैठक सुरू झाली आणि व्हिडिओनेच लाइन भरली. त्या जुन्या उपकरणांवर राउटिंगच्या निरोपांना आपोआप वेगळी वाट मिळत नव्हती. ओएसपीएफ हा राउटिंगचा प्रोटोकॉल दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला 'मी आहे' असं कळवतो आणि ४० सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी गेला असं धरतो. ४० सेकंद झाले, शाखा नकाशावरून गायब, व्हिडिओही बंद. व्हिडिओ बंद झाल्यावर लाइन मोकळी, शेजारी परत आला, व्हिडिओ परत सुरू, परत तेच. हे चक्र लक्षात यायला मला जवळपास पूर्ण रात्र लागली.

कोरी_पाटी

रकाना रिकामाच होता! त्यात ९ एमबीपीएस भरलं. बॅकअप चालू असताना पिंग आता ६० ते ७०. मग क्यूओएसच्या प्रकारात 'एफक्यू-कोडेल' असा पर्याय दिसला, तो निवडला. २० ते २४!

पण एक गोष्ट कळली नाही. प्रयोग करताना मी आधीची सगळी 'सर्वोच्च' आणि 'कमी' सेटिंगं काढून टाकली होती. म्हणजे कोणालाही प्राधान्य न देता हे झालं. मग प्राधान्याची गरज काय?

तारायंत्री

एफक्यू-कोडेलमध्ये दोन वेगळ्या कल्पना एकत्र आहेत.

'एफक्यू' म्हणजे एकच रांग न ठेवता प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देणं आणि पाळीपाळीने सगळ्यांना सोडणं. सहसा १०२४ रांगा असतात. ही कल्पना जुनी आहे, १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी मांडलेली. तुमचा आवाज शंभरेक केबीपीएस घेतो. वाट्याला त्याच्या कितीतरी पट येतं, त्यामुळे त्याच्या रांगेत कोणी साठतच नाही. शिवाय ज्याची रांग रिकामी होती आणि ज्याचं पॅकेट आत्ताच आलं, त्याला ही पद्धत आधी सोडते. थोडकं पाठवणाऱ्याला आपोआप मान मिळतो. बॅकअपने ६४० पॅकेटं आणली तर ती त्याच्याच रांगेत उभी राहतात, त्रास त्याचा त्यालाच.

'कोडेल' ही दुसरी कल्पना, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची, २०१२ ची. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभं राहिलं हे बघते. सलग १०० मिलिसेकंद सगळीच पॅकेटं ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबत असतील तर ती पॅकेटं टाकायला लागते, किंवा ईसीएनची खूण करते. बॅकअपला लवकर कळतं, तो हात आखडता घेतो. लांबी न बघता वेळ बघायचा, ही गोष्ट मला अजूनही फार सुंदर वाटते. १ एमबीपीएसच्या लाइनवर शंभर पॅकेटं म्हणजे सव्वा सेकंदाची कोंडी, १ जीबीपीएसवर तीच शंभर पॅकेटं सव्वा मिलिसेकंदात संपतात. लांबीचा आकडा एका ठिकाणी जमवला की दुसरीकडे फसतो, वेळेचा सगळीकडे चालतो.

बऱ्याच राउटरांच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये हे २०१२ पासून आहे. म्हणून अनेक राउटरांवर ते आत असतं, फक्त कोणी चालू करत नाही.

रात्रपाळी

इथे माझा थोडा मतभेद नोंदवतो. घरात चार माणसं आणि १० एमबीपीएस असतील तर न्याय्य वाटणी पुरते. पण वाटणी संभाषणांची होते, माणसांची नाही. एखादा प्रोग्राम एकाच वेळी ५० जोडण्या उघडून फायली ओढत असेल तर वाटणीत त्याचे ५० हिस्से आणि व्हिडिओ कॉलचा एक. व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस लागले आणि वाट्याला २०० केबीपीएस आले, तर न्याय झाला आणि कॉलही मेला.

लाइन हळू असेल तर आणखी एक गोष्ट आडवी येते. १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसवर पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. ते अर्धवट गेलेलं असताना मध्येच थांबवता येत नाही. पाळीपाळीने सोडताना दहा मोठी पॅकेटं आधी गेली की १२० मिलिसेकंद संपले. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर तोंडापासून कानापर्यंत १५० च्या आत ठेवायला सांगितलंय. अशा ठिकाणी आवाजाला स्पष्ट प्राधान्यच हवं, आणि त्याला मर्यादाही हवी.

तारायंत्री

मान्य. ५० जोडण्यांच्या दुखण्यावर 'केक' नावाची पुढची पद्धत आहे. ती २०१८ मध्ये लिनक्समध्ये आली. ती आधी संगणकांमध्ये वाटणी करते, मग त्या संगणकाच्या जोडण्यांमध्ये. हळू लाइनबद्दल तुमचंच बरोबर. आधी रांग आपल्या हातात घ्या, मग वाटणी नीट करा, आणि तरीही अडलं तरच प्राधान्य. तेही थोडक्यांना. निम्म्या ट्रॅफिकला 'सर्वोच्च' दिलं तर उरलेल्या निम्म्याला 'कमी' दिलंत, एवढंच झालं.

सहज_विचारलं

खाली येणाऱ्या ट्रॅफिकचं काय? ती रांग तर पलीकडे, सेवा देणाऱ्याच्या उपकरणात लागते. तिथे तर आपण हात लावू शकत नाही.

तारायंत्री

बरोबर, थेट नाही. पण आडून करता येतं. १०० ची लाइन असेल तर राउटरवर येणारं ट्रॅफिक ८५ ते ९० वर धरायचं. पॅकेटं तुमच्यापर्यंत येऊन पोचलेली असतात हे खरं, पण तुम्ही त्यातलं एखादं टाकलंत किंवा ईसीएनची खूण केलीत की पाठवणारा टीसीपी आपला वेग कमी करतो, आणि पलीकडची रांग ओसरते. वर जाताना ५ ते १० टक्के सोडले तर पुरतात, खाली येताना थोडे जास्त सोडावे लागतात कारण लगाम दूरचा आहे.

एक सावधगिरी. शेपिंग राउटरच्या प्रोसेसरवर होतं. बऱ्याच राउटरांत पॅकेटं प्रोसेसरला वळसा घालून थेट हार्डवेअरमधून जातात. ती सोय चालू असेल तर क्यूओएस लावूनही पॅकेटं त्याच्यासमोर येतच नाहीत. ती बंद केली तर वेगवान लाइनवर स्वस्त राउटर धापा टाकतो. निळी_वाट, तुमच्या बटणाचं कोडं कदाचित इथेच असेल. तपासून बघा.

अर्धविराम

वायफायवर वेगळीच गंमत होते आणि ती मला आकड्यांतूनच समजली.

वायफायमध्ये डब्ल्यूएमएम या प्राधान्य-पद्धतीचे चार वर्ग असतात: आवाज, व्हिडिओ, साधं, मागे चालणारं. वरच्या वर्गातल्या पॅकेटला हवेत बोलायची संधी लवकर मिळते. कोणतं पॅकेट कोणत्या वर्गात, हे बऱ्याच उपकरणांवर डीएससीपीच्या सहा बिटांपैकी पहिल्या तीनवरून ठरतं. आवाजाचा आकडा ४६, बायनरीत १०१११०. पहिले तीन १०१, म्हणजे ५. आणि ५ हा वायफायमध्ये व्हिडिओच्या वर्गात मोडतो! आवाजाला ६ किंवा ७ हवा. इथरनेटवर नीट खूण केलेला आवाज वायफायवर एक पायरी खाली उतरतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे दुरुस्त करून ४६ ला सरळ आवाजाच्या वर्गात टाका असं लिहिलंय. तुमचं अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारं उपकरण) ते पाळतं का, हे बघायला हवं.

याच हिशोबाने ८ हा आकडा, ००१०००, मागे चालणाऱ्या वर्गात जातो. बॅकअपला ८ ची खूण दिली तर वायफायवरही तो आपोआप मागे सरकतो.

सहज_विचारलं

एक शंका मनात घोळतेय. घरात मी ठरवतो की बॅकअप मागे राहील, ते ठीक. पण हेच सेवा देणाऱ्या कंपनीने ठरवलं तर? कोणतं ट्रॅफिक महत्त्वाचं हे तिने का ठरवावं? मला यात खरंच धोका दिसतो.

रात्रपाळी

धोका आहेच, आणि तो घडून गेलेला आहे. कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 'नेट न्यूट्रॅलिटी' (सगळ्या ट्रॅफिकला समान वागणूक) हा शब्द २००३ मध्ये वापरात आणला. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी बिटटोरेंटच्या (लोकांनी आपापसांत फायली वाटून घेण्याच्या पद्धतीच्या) जोडण्यांमध्ये 'जोडणी तोडा' अशी बनावट पॅकेटं घुसवते आहे, हे उघडकीला आलं. २००८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने त्याविरुद्ध आदेश काढला. त्यानंतर कंपनीने पद्धत बदलली आणि ती २०१० च्या आरएफसी ६०५७ मध्ये जाहीरपणे लिहिली. त्यात काय पाठवताय हे बघणं बंद केलं. फक्त गर्दी असतानाच, आणि गेल्या काही मिनिटांत ज्याने खूप वापरलं त्याचंच ट्रॅफिक थोडा वेळ मागे ठेवायचं.

मला त्यात शिकण्यासारखं वाटलं ते हे, की कोंडी सोडवायला आत डोकवावं लागलं नाही. आता तर बहुतेक सगळंच एन्क्रिप्टेड आहे. व्हिडिओ, फायली, पानं, सगळं ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून (सॉफ्टवेअरच्या दारावरून) जातं, त्यामुळे पोर्ट बघून वर्ग ठरवणाऱ्या जुन्या याद्या निकामी झाल्यात. ज्याचं काम खरंच घाईचं नाही त्याने स्वतः होऊन मागे राहावं, हा मार्ग मला सगळ्यांत सरळ वाटतो. २०१२ चं लेडबॅट (मागे राहून पाठवायचं तंत्र) हेच करतं. उशीर वाढतोय असं दिसलं की ते कोणी न सांगता बाजूला होतं.

कोरी_पाटी

हे वाचून मी दिशा बदलली. आवाजाला वर चढवण्याचा नाद सोडला. बॅकअपच्या प्रोग्रामला डीएससीपी ८ ची खूण लावली आणि राउटरवर 'केक' निवडून ८ वाल्यांना शेवटच्या वर्गात टाकलं. वर ९, खाली ८८. हार्डवेअरची ती सोय बंद. बाकी एकही नियम नाही.

कालच्या बॅकअपमध्ये ६ जीबीचे फोटो होते. पूर्वीच्या वेगाने ८० मिनिटं लागली असती, काल ९० लागली. त्या दहा मिनिटांच्या बदल्यात पिंग पूर्ण तासभर १६ ते २१ मध्ये राहिलं.

काल वर्गात मी ऱ्हस्व आणि दीर्घ शब्दांच्या जोड्या घेत होते. मी म्हणायचं, त्यांनी लिहायचं. वीसपैकी वीस जोड्या सगळ्यांनी बरोबर लिहिल्या. बॅकअप नऊला सुरू झालेला, हे मला वर्ग संपल्यावर राउटरचा आलेख उघडल्यावर दिसलं.

अर्धविराम, विद्यार्थ्यांपैकी दोघी वायफायवर दूरच्या खोलीतून असतात आणि त्यांचा आवाज माझ्याकडे अजून मधूनमधून दचकतो. त्यांच्या बाजूने काय मोजायला सांगू?

अर्धविराम

त्यांना इंटरनेटला नाही, स्वतःच्या राउटरलाच पिंग लावायला सांगा, पाच मिनिटं. एकदा दूरच्या खोलीतून, एकदा राउटरशेजारी बसून. शेजारी बसून २-३ मिलिसेकंद आणि खोलीतून मध्येच ९०-१०० च्या उड्या दिसल्या, तर रांग हवेत आहे आणि तिथे खोली किंवा वायर बदलणं हाच पहिला उपाय. दोन्हीकडून २-३ च आले तर त्यांच्या मोडेमचं तुमच्यासारखंच काहीतरी असेल. आकडे आले की इथेच टाका.